फुलातलं पाणी आधी काढा

दापोलीजवळून एका ताईंनी विचारलंय. मागीलदारी जास्वंद, गावठी गुलाब, मोगरा आणि झेंडू भरपूर आहे. व्हिडिओ बघून त्यांनी झेंडूच्या ताज्या पाकळ्या खोबरेलात घातल्या आणि बाटली पंधरा दिवस उन्हात ठेवली. वर पांढरी बुरशी आली, तेलाला आंबूस वास सुटला. गुलाबपाकळ्या उकळून केलेलं गुलाबपाणी चौथ्या दिवशी बुळबुळीत झालं. झेंडूचं तेल तरी वाया जाऊ नये म्हणून गाळून हातांना लावलं आणि त्या बागेत कामाला लागल्या, तर दंडावर लाल चट्टे उठले. आपलं चुकलं कुठे, आणि नीट जमलं तर घरी राहायला येणाऱ्या पाहुण्यांना हे विकता येईल का, असं त्या विचारतात.

ताई, तेल आणि गुलाबपाणी बिघडायचं कारण एकच आहे, पाणी. चट्ट्यांचं कारण बहुतेक झेंडूच असावा. ते आधी सांगते, कारण ती चूक त्वचेवर निघते.

इंग्रजी व्हिडिओत ज्याला मॅरीगोल्ड म्हणतात ते फूल पुष्कळदा कॅलेंड्युला असतं. दिसायला आपल्या झेंडूसारखंच, केशरी, पण झाड वेगळं आणि गुणही वेगळे. मलमात, लहान बाळांच्या तेलात पूर्वापार जातो तो कॅलेंड्युला. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू म्हणजे टॅजेटिस. त्याच्यात अशी द्रव्यं आहेत की ती त्वचेवर असताना ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते, कधी मागे काळे डाग राहतात. युरोपात 2018 साली नियम करून मोठ्या झेंडूचा अर्क आणि तेल सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदीच घातली. तुम्ही तेल लावलंत ते कोकणातल्या उन्हात, उघड्या दंडांवर. चट्टे अजून असतील तर उन्हापासून हात झाका, त्यावर दुसरं काही घरगुती लावू नका, आणि फोड आले किंवा चट्टे पसरले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. झेंडू देवाला वाहा, भाजीच्या वाफ्यात लावा, अंगाला नको. कॅलेंड्युला हवाच असेल तर त्याचं बी ऑक्टोबरच्या शेवटी कुंडीत पेरा, आपल्याकडच्या थंडीत तो येतो. मे महिन्याच्या उकाड्यात मात्र टिकत नाही.

लिंबाचंही तसंच आहे. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाच्या सालीतल्या रसानेही ऊन लागल्यावर डाग पडतात.

आता पाण्याकडे येते. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला राहते आणि सोळा वर्षं फुलांची तेलं, मलमं, उटणी करते. माझ्या सासूबाई डोक्याला लावायचं तेल मोठ्या लोखंडी कढईत करायच्या. त्यात जास्वंदीची पानं, फुलं, माका, कधी मेथी. मी शेजारी उभी राहून गॅस बंद करायला हात पुढे केला की म्हणायच्या, "वायच थांब गो, तेल अजून तडतडता हा." तडतडतंय म्हणजे आत पाणी आहे. तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत त्या झारा हलवत राहायच्या. मग कापसाची वात तेलात बुडवून पेटवायच्या. वात गप जळली तर तेल झालं, चट्चट् वाजली तर अजून नाही. आयुर्वेदात तेल सिद्ध झालं की नाही हे ओळखायची जुनी खूण हीच आहे. यात पुढचं सगळं आलं, पण मला ते कळायला एक अख्खा पावसाळा वाया घालवावा लागला.

ते असं झालं. लग्नानंतरच्या दुसऱ्या श्रावणात मी हौसेने गुलाबाचं तेल केलं. ताज्या पाकळ्या पुसून घेतल्या होत्या, बाटली उकळली होती, तेल घाण्यावरचं होतं. आठ दिवसांनी बाटली उजेडात धरली तर तळाशी पाण्याचा एक बारीक थेंब, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्याच्यावर राखाडी केस. पुसल्या होत्या त्या पाकळ्या वरून. पाकळीच्या पोटातलं पाणी कसं पुसणार? 100 ग्रॅम ताज्या पाकळ्या वाळवून बघा, हातात 15-20 ग्रॅम येतात. बाकीचं सगळं पाणी. ते तेलात मिसळत नाही, खाली बसतं, आणि बुरशीला, जंतूंना राहायला ओलं घर मिळतं. नुसत्या तेलात त्यांना वाढता येत नाही.

म्हणून आपल्याकडे एकच हिशेब ठेवायचा. काय बनवताय त्यात पाणी आहे की नाही? नसेल तर ते महिनोन् महिने टिकेल. असेल तर ते भाजीसारखं आहे, आज केलं आज संपवलं. गुलाबपाण्यासारखं मधलं काही असेल तर त्याची जागा फ्रिजमध्ये. देशावरच्या किंवा परदेशातल्या कोरड्या हवेतल्या बायका ताजी फुलं घालूनही कधी निभावून नेतात. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्या हवेत फूल काय वाळणार! फुलं वाळवायचे आपले दिवस दिवाळीनंतर सुरू होतात आणि मेच्या मध्यावर संपतात.

वाळवायचं सावलीत. उन्हात रंग उडतो आणि वासही. सकाळी दव उडून गेल्यावर, ऊन चढायच्या आत फुलं काढा. गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करा, जास्वंदीचा मधला दांडा आणि खालचा हिरवा भाग काढून टाका. सुपात किंवा रोवळीत पातळ मलमलीवर एकेरी पसरा आणि वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवा, पडवीत किंवा माळ्यावर. दिवसातून एकदा हलक्या हाताने परतायची. चार-पाच दिवसांत पाकळी कागदासारखी होते. मुठीत धरून दाबली की कुरकुर आवाज येऊन चुरा झाला पाहिजे. वाकली पण मोडली नाही तर अजून दोन दिवस. मग काचेच्या बरणीत भरा आणि तीन दिवस झाकण लावून ठेवा. बरणीच्या आतल्या बाजूला धुकं धरलं तर फुलं परत सुपात. या तीन दिवसांचा कंटाळा करू नका, माझी निम्मी तेलं या एका सवयीने वाचली.

तेलाचं प्रमाण सोपं आहे. 25 ग्रॅम वाळलेली फुलं, 250 मिलि खोबरेल. तेल आणि फुलं स्टीलच्या डब्यात घालून डबा पातेल्यातल्या पाण्यात ठेवा. पाण्याला खळखळ उकळी येऊ द्यायची नाही, तळाशी बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करायचा, निवलं की पुन्हा. असं करत तीन तास. डब्यावर झाकण ठेवू नका, वाफेचं पाणी थेंब थेंब आत पडतं. निवल्यावर मलमलीतून गाळा. पुरचुंडी पिळायचा मोह होतो, पण शेवटचे पिळलेले चार चमचे वेगळे ठेवून डोक्याला लावून संपवा, कारण ओल राहिली असलीच तर त्यात असते. बाकीचं तेल दोन दिवस स्थिर ठेवा आणि वरचं निथळ कोरड्या बाटलीत ओता. गडद रंगाची बाटली असली तर बरं. सहा महिने निश्चिंत. खवट वास आला की टाकायचं.

कोणतं फूल तेलात घालायचं? माझं मत विचाराल तर आपल्या भागात सुरंगी आणि बकुळ. दोन्ही वाळल्यावरही वास सोडत नाहीत. बकुळीचा वाळका हार कपाटात ठेवणारी आजी प्रत्येकाच्या घरात असते. सुरंगी फेब्रुवारी ते एप्रिल फुलते, थेट फांद्यांना आणि खोडाला लगडून. आरवलीच्या बाजूला बायका-माणसं पहाटे झाडावर चढून कळ्या काढतात, कारण फूल उमललं की गजऱ्याला कामाचं राहत नाही. गजऱ्यातून उरलेली, उमललेली सुरंगी स्वस्तात मिळते आणि वाळवायला तीच छान. दापोलीकडे सुरंगी मिळाली नाही तर बकुळ नक्की मिळेल, देवळाच्या आवारात एखादं झाड असतंच.

जास्वंद तेलात घालायला हरकत नाही, पण तिच्याकडून काय मिळतं ते नीट समजून घ्या. तिचा लाल रंग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. तिचा बुळबुळीतपणाही तसाच. बाजारात लालभडक जास्वंदीचं तेल दिसलं तर तो लाल रंग जास्वंदीचा नव्हे. गोकर्णाचा निळा रंगही पाण्यातलाच. जास्वंदीचा खरा उपयोग ताजेपणी. दहा-बारा पानं आणि चार फुलं वाटीभर पाण्यात चुरडली की जो गुळगुळीत रस निघतो, तो गाळून केसांना लावा, अर्ध्या तासाने धुवा. केस मऊ पडतात. उरलेला रस दुपारपर्यंत ठेवू नका.

एक गंमत मुलांना दाखवा, आणि स्वतःही बघा. लाल जास्वंदीची पाकळी पांढऱ्या कागदावर घासा. जांभळट डाग पडेल. त्याच्यावर एका बाजूला लिंबाचा थेंब टाका, डाग गुलाबी-लाल होतो. दुसऱ्या बाजूला खायच्या सोड्याचं पाणी टाका, तो निळा-हिरवा पडतो. म्हणजे जास्वंद आम्ल आणि अल्कली ओळखते. आपली त्वचा थोडी आम्ल बाजूची असते, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप, साधारण 4.5 ते 5.5. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. सोडा त्या मानाने पार दुसऱ्या टोकाला आणि लिंबाचा रस, पीएच दोनच्या आसपास, पहिल्या टोकाच्याही पलीकडे. फेसपॅकमध्ये सोडा आणि लिंबू घालायला सांगणारे व्हिडिओ बघितले की मला या कागदाची आठवण होते. दोन्ही नकोत.

गुलाबपाणी तुम्ही उकळून केलंत, तो झाला काढा. पाकळ्यांमधली साखर, रंग, चोथ्याचे कण सगळं त्यात उतरलं, आणि ते जंतूंचं आवडतं खाणं. खरं गुलाबपाणी वाफेचं असतं, रंगाने पाण्यासारखं स्वच्छ. घरात असं करा. मोठ्या पातेल्याच्या मधोमध एक स्वच्छ दगड किंवा छोटी तिवई, तिच्यावर रिकामी वाटी. भोवती 250 ग्रॅम ताज्या पाकळ्या (इथे ताज्या चालतात, वाफ काढायची आहे) आणि 750 मिलि पाणी. वाटीत पाणी जाता कामा नये. झाकण उलटं ठेवायचं, मूठ खाली, म्हणजे वाफ मुठीवरून वाटीत ठिबकेल. वर झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. मंद आच. बर्फ विरघळला की पाणी काढून नवा घाला. 150-200 मिलि जमलं की थांबा, पुढचं पाणी नुसतंच शिजलेल्या भाजीच्या वासाचं येतं. उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपवा. बोट बुडवायचं नाही, ओतून घ्यायचं. डोळ्यांत मात्र घरचं गुलाबपाणी कधीही घालू नका, कितीही स्वच्छ केलेलं असलं तरी.

गुलाब गावठीच हवा, वासाचा. पुष्पगुच्छातले लांब दांड्याचे गुलाब नकोत. त्यांना वास नसतो आणि औषधांचे फवारे भरपूर असतात.

दोन थेंब व्हिटॅमिन ई घातलं की टिकतं, असं बरेच जण सांगतात. व्हिटॅमिन ईमुळे तेल उशिरा खवट होतं, एवढंच. बुरशीला, जंतूंना ते अडवत नाही. कडुनिंब, तुळस, कापूर यांच्यावरही पाणी असलेल्या वस्तूचा भरवसा टाकू नका. बाजारातल्या क्रीममध्ये संरक्षक द्रव्यं असतात ती गरज म्हणून. घरी क्रीम, जेल, टोनर करून महिनाभर ठेवायचा विचार सोडा. कोरफडीचा गर हवा तर रोज पात कापा, पिवळा चीक उभं धरून निथळू द्या, गर धुऊन लावा.

मोगऱ्यावर थोडं रेंगाळते, कारण तो माझा जीव. मोगरा उकळला की वास मरतो. वाळवला की वास जातो. पण तोडल्यावरही कळी जिवंत असते, संध्याकाळी उमलते आणि रात्रभर वास सोडत राहते. तो वास धरून ठेवायचं काम तूप-चरबीसारखी घट्ट वस्तू करते. आपल्याकडे अशी वस्तू घरचीच आहे, मुठेल. मे महिन्यात सोलं-आगळ करताना उरलेल्या कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की जे तूप वर तरंगतं ते काढून मुठीत वळायचं. अंगाला लागलं की विरघळतं, पण एप्रिलच्या उकाड्यातही घट्ट राहतं. खोबरेल 24-25 अंशांना पातळ होतं, म्हणून ते एकटं इथे कामाचं नाही.

ताजं, फारसा वास नसलेलं मुठेल 60 ग्रॅम आणि खोबरेल 40 ग्रॅम एकत्र वितळवून स्टीलच्या दोन ताटल्यांत पातळ थर ओता. बोट दाबलं तर ठसा उमटावा, बोट भिजू नये. संध्याकाळी कळ्या फुटायला लागल्या की कोरडी फुलं तोंड खाली करून थरावर शेजारी शेजारी मांडा. दुसरी ताटली वरून उपडी झाका. रात्री खोलीत गेलात की वासावरून कळेल, फुलं काम करताहेत. सकाळी पाकळ्यांच्या कडा तांबूस व्हायच्या आत एकेक फूल उचला. संध्याकाळी नवी फुलं. दहा रात्री असं केलं की पांढरं मुठेल मोगऱ्याचं होतं. शेवटी ते हलक्या आचेवर वितळवून उंच पेल्यात ओता आणि गोठू द्या. फुलांतून पाणी आलंच असेल तर ते तळाशी साचतं. घट्ट वडी उचलायची, खालचं पाणी टाकायचं, वडीची खालची बाजू पुसायची. इथेही पाण्याचा हिशेब चुकला नाही. नखाएवढं मानेला, मनगटाला लावा.

टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना मलम करायचं असेल तर सुरंगीचं किंवा बकुळीचं तेल 60 ग्रॅम, मुठेल 25, मधमाशांचं मेण 15. मेण आधी वितळवा, त्याला साठेक अंशांच्या वर उष्णता लागते, मग मुठेल, शेवटी तेल. डबीत ओता आणि निवेपर्यंत झाकण लावू नका. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरमं येतात त्यांनी खोबरेलाचं काहीच चेहऱ्यावर लावू नये.

उटणं तर तुम्हाला माहीत आहेच, पण आपल्या जुन्या बायकांचा शहाणपणा त्यात बघा. वर्षभर कोरडं ठेवायचं, नरकचतुर्दशीच्या पहाटे वाटीत काढून नारळाच्या दुधात कालवायचं. मी मुगाचं पीठ 2 वाट्या, गुलाबपाकळ्यांची पूड 1 वाटी, वाळ्याची पूड अर्धी वाटी, आंबेहळद, नागरमोथा आणि गव्हला कचोरा प्रत्येकी 2 चमचे घेते. सगळं वस्त्रगाळ. पाहुण्यांना द्यायला याच्यासारखी वस्तू नाही. सोबत कोरडा चमचा मात्र द्या.

काही फुलं अजिबात नकोत. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा आणि रुई. पहिली दोन हृदयाला विषारी आहेत, धोतऱ्याचा हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं, आणि रुईचा चीक डोळ्याला इजा करतो. देवचाफ्याचाही चीक काहींना खाजतो. सोनचाफा तेलात चालतो.

नवीन काहीही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. लोक दहा मिनिटं थांबतात आणि चेहऱ्याला लावतात. आंब्याच्या चिकाने तोंड उतलेला माणूस आपल्याकडे प्रत्येक वाडीत असतो. त्याला विचारा, चीक लागला कधी आणि उतलं कधी. एक-दोन दिवस मध्ये गेलेले असतात. फुलांची ॲलर्जीही अशीच उशिरा उठते.

विकण्याबद्दल. स्वतःसाठी, घरच्यांसाठी करायला कोणाची परवानगी नको. विकण्यासाठी बनवायचं तर सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना लागतो. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम याला लागू आहेत. आपल्याकडे परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. लेबलवर घटक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत हे सगळं लागतं. "आयुर्वेदिक औषध" लिहिलंत तर त्याचा परवाना आणखी वेगळा. गोरेपणा येईल, डाग जातील असं तर कुठेच लिहू नका. फुलांच्या तेलाने त्वचा मऊ राहते, वासाने मन प्रसन्न होतं, आणि तेवढंच खरं आहे. परवान्याच्या वाटेला जायच्या आधी मी तुम्हाला दुसरं सुचवेन. पाहुण्यांना विकण्याऐवजी त्यांच्यासोबत करा. सकाळी गुलाब तोडायला न्या, पातेल्यावर बर्फ ठेवायला लावा, आणि निघताना स्वतः काढलेल्या गुलाबपाण्याची छोटी बाटली त्यांच्या हातात द्या, तीन आठवड्यांची तारीख घालून. पैसे घ्यायचे ते त्या सकाळचे घ्या, बाटलीचे नकोत.

तोवर झेंडूचं ते तेल अंगाला न लावता टाकून द्या, बाटली साबणाने धुऊन उकळा आणि दोन दिवस उन्हात उपडी ठेवा. पहिलं तेल बकुळीचं करा. झालं की वात बुडवून पेटवून बघा आणि कान देऊन ऐका.